लाकडाचं बाळ

रुफिना मावशीचं लग्न गावातल्या मिशनच्या चर्चमध्ये लागलं होतं, पण शेजारच्या संग्रहालयात ती कधी फिरकली नव्हती. आज मी तिला हट्टानं नेलं. काचेच्या कपाटात लाकडाचं बाळ होतं. “दोनशे वर्षांपूर्वी आपल्या चुमाश आदिवासी बाईचं मूल पोटातच गेलं, की तिनंच मारलं म्हणायचे स्पॅनिश पाद्री,” माहिती देणारी पोरगी म्हणाली. “चाबकानं सोलायचे, डोकं भादरायचे आणि हे बाळ कडेवर देऊन चर्चच्या दारात उभं करायचे.” मावशीची तिन्ही बाळं पोटातच गेली होती. तिनं शेजारी मांडलेलं पितळी मेणबत्तीदान उचलून काच फोडली आणि रक्ताळल्या हातांनी ते बाळ छातीशी धरलं. धोक्याची घंटा वाजतच राहिली. “मावशी, सोड, पोलीस आलेत!” मी ओरडले. “बायकांना मारताना कुठं मेले होते?” ती किंचाळली. पोलिसानं हात पिरगाळला, हाड मोडलं. बाळ हिसकावताच ती विव्हळली, “हळू रे, मान धर त्याची!”