सोबतीचा परवाना

साल एकोणीसशे एकाहत्तर. लागून तीन दिवस सुट्टी आली होती आणि डोंगरातल्या त्या शहरात पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळी साडेसहाला स्टेशनबाहेरच्या पाटीखाली आठ माणसं जमली, तेव्हा वाटाड्या आधीच येऊन उभा होता. शेजारी त्याची बायको. तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि तिचा दंड त्यानं हलकेच धरला होता.

बाईला दिसत नाही हे पहिल्यांदा कुणी सांगितलं कोण जाणे, पण शहरभर तसं बोललं जायचं. तशी तक्रारही पर्यटन कचेरीत गेली होती. नियम साधा होता. वाटाड्यानं कामावर घरचं माणूस आणायचं नाही. त्याचं लक्ष बायकोकडे आणि लोक दरीत, असं व्हायला नको. म्हणून कचेरीनं या खेपेला एक तपासनीस साधा प्रवासी म्हणून पाठवला होता. तो येणार ही कुणकुण वाटाड्याला लागली होती, पण आठांतला नेमका कोण हे त्याला माहीत नव्हतं. अहवाल उलट गेला तर छातीवरचा पितळी बिल्ला जाणार होता. पंचावन्नाव्या वर्षी त्याला दुसरं काही येत नव्हतं.

पहिल्या दिवशी किल्ला होता. वाटाड्या जागा यायच्या आधीच ती सांगायचा. पायऱ्या एकशे सदतीस, त्रेपन्नावी फुटलेली, डाव्या अंगानं चला. वर गेल्यावर दगडाचा रंग बदलतो, कारण खालचा भाग एका राजानं बांधला आणि वरचा त्याच्या जावयानं, खाण बदलून. इतकं बारीक सांगणारा माणूस तपासनिसानं पाहिला नव्हता. बायकोसाठी सांगतो, त्यात आपलंही भागतं, असं त्यानं मनाशी म्हटलं.

बाई अधूनमधून विचारायची. आतलं दार आज लावलेलंच असेल ना, गर्दी आहे म्हणून? वाटाड्या म्हणायचा, लावलेलंच आहे, आपण मागच्या अंगानं जाऊ.

गटात एक जाडजूड मास्तरीणबाई होत्या. त्या आपल्या यजमानांना म्हणाल्या, "बघा जरा. नाहीतर तुम्ही. बाजारातून येताना कायम चार पावलं पुढे, जशी काही मी ओळखीचीच नाही."

यजमानांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि आणखी थोडे पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी टेहळणीच्या बुरुजावर जायचं होतं. वाट एका बाजूनं मोकळी, खाली दरी. परतताना अर्ध्या वाटेवर धुकं असं उतरलं की स्वतःचे बूट दिसेनात. दुसऱ्या एका गटाचा वाटाड्या आपली माणसं घेऊन जागच्या जागी बसला आणि धुकं विरायची वाट बघू लागला. आपला वाटाड्या मात्र थांबला नाही. त्यानं सगळ्यांना एका दोरीला धरायला लावलं आणि मोजत चालू लागला. चाळीस पावलं सरळ, मग उजवीकडे, आता हात लावा, हा पाणी झिरपतो तो दगड. त्याची चाल तसूभरही कमी झाली नाही. गंमत म्हणजे बाईच अडखळायला लागली. तेव्हा त्यानं तिला मागं घेतलं आणि स्वतः पुढे झाला. तासाभरात सगळे खाली चहाच्या दुकानात होते. मास्तरीणबाई रडून घेत होत्या आणि यजमान त्यांच्या कपात साखर ढवळत होते.

तिसऱ्या दिवशी जुन्या दगडी पुलापाशी लोक फोटो काढत होते, तेव्हा तपासनीस वाटाड्याजवळ गेला आणि आपण कोण ते त्यानं सांगितलं. वाटाड्याची मान आवाजाकडे वळली. त्यानं बायकोचा दंड सोडला नाही.

"नियम तुम्हाला ठाऊक आहे," तपासनीस म्हणाला. "यांना घरी ठेवता येणार नाही का?"

बाईच बोलली.

"मी घरी बसले तर यांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडणार नाही, साहेब. तुम्ही काय लिहायचं ते लिहा. पण कालचं धुकंही लिहा."

तपासनीस बराच वेळ पुलाच्या कठड्यावर बसून लिहीत होता. सतरा वर्षांच्या नोकरीत त्यानं एकदाच नियमाला अपवाद सुचवला, तो त्या दिवशी. अशा वाटाड्याकडून बायकोची सोबत काढून घेणं कचेरीला शोभणार नाही, असं शेवटचं वाक्य होतं. पंधरवड्यानं शिक्का मारलेला कागद आला. सोबतीचा परवाना, कायमचा.

मास्तरीणबाईंचे यजमान घरी गेल्यावर आठवडाभर बायकोचा हात धरून चालले. मग पुन्हा चार पावलं पुढे. त्या दोघांनी पुढे सोन्यासारखा संसार केला आणि एकमेकांना टोमणे मारतच म्हातारे झाले.

वाटाड्यानं आणखी नऊ वर्षं काम केलं. त्याच्या गटातलं एकही माणूस कधी घसरलं नाही. एका हिवाळ्यात तो झोपेतच गेला. शहरातल्या सगळ्या वाटाड्यांनी त्या दिवशी बिल्ले उतरवून ठेवले होते.

तपासनीस बढती मिळून राजधानीत गेला आणि तिथूनच निवृत्त झाला. त्यानंतर एकदा हवापालटासाठी तो त्या शहरात आला असताना त्याचं मनगटी घड्याळ बंद पडलं. चौकातल्या घड्याळजीच्या दुकानात काचेमागे एक बाई बसली होती. एका डोळ्याला भिंग लावून ती केसाएवढी कमान चिमट्यानं जागेवर बसवत होती. कमान बसली, तसं तिनं भिंग काढलं आणि वर बघितलं.

"या साहेब," ती म्हणाली. "केस पिकले की तुमचे."

तपासनिसानं घड्याळ काचेवर ठेवलं. मग त्यानं विचारलं, की दृष्टी कधी परत आली.

"माझी कुठं गेली होती, साहेब?" बाई म्हणाली. "गेली होती ती ह्यांची."