एकही नाही

"लांडग्यानं किती मेंढ्या नेल्या असं विचारलं, तर म्हणायचं, एकही नाही," नवऱ्यानं पुन्हा बजावलं. "आणि तू मध्ये तोंड घालू नकोस."

"खोटं तुम्हीच बोला. माझी जीभ तशी वळत नाही," बायको म्हणाली आणि लोकरीचं शेवटचं पोतं ओढत शेडच्या दारात आणलं.

फाटकाशी गाडी येऊन थांबली होती. कोट आणि शाली विणणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या खरेदीच्या मॅडम आज डोंगरावरच्या सगळ्या मेंढपाळांकडे फिरत होत्या. पसंत पडेल त्याची लोकर कंपनी दरवर्षी घेणार होती. सकाळीच त्या थोरल्या दिराकडे जाऊन आल्या होत्या. थोरल्याचा कळप कसा, अख्खाच्या अख्खा! तो मेलेल्या जनावरात विष भरून रानात टाकून द्यायचा, मग लांडगा तिकडे फिरकतोय कशाला?

धाकट्याच्या घरात मात्र विष येत नव्हतं. सासऱ्यांनी एकदा टाकलं होतं, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. लांडगा मेला, ठीक. पण मागोमाग कोल्हे मेले, कावळे मेले, गिधाडं पटापट पडली, आणि शेवटी घरचा कुत्रा तिच्या मांडीवर तडफडून गेला. त्या दिवशी नवी नवरी असूनही तिनं सासऱ्यांच्या तोंडावर सांगितलं होतं, "पुन्हा हे घरात आलं तर मी या घरात नाही." तेव्हापासून दांडगे कुत्रे पाळायचे, त्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधायचे, कोकरं आत घ्यायची. तरी हिवाळ्यात लांडगा यायचा आणि मिळेल ते उचलून न्यायचा.

"वाघोबा म्हटलं म्हणून वाघ खायचा थांबत नाही," नवरा दरवर्षी कुरकुरायचा. यंदा तर त्यानं पैजच लावली होती. कंपनीनं आपली लोकर नाकारली, की दुसऱ्या दिवशी विष आणायचं. आणि हिनं, "खुशाल आणा," म्हटलं होतं. आपल्या लोकरीवर तिचा एवढा भरवसा!

मॅडमनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातला एक पुंजका उपसला, उजेडात धरून ताणून पाहिला.

"सुरेख आहे," त्या म्हणाल्या.

"असणारच," बायको म्हणाली. नवऱ्यानं डोळे वटारले.

"लांडग्यानं यंदा किती नेल्या?"

"एकही नाही!" नवऱ्यानं छाती पुढे काढली. "यंदा नाही, गेल्या वर्षी नाही. लांडगा आता गोष्टीतच उरलाय बघा."

मॅडमनी पुंजका परत पोत्यात टाकला आणि हात झटकले. "बरं. निघते मी."

"अहो, पण लोकर?"

"लोकर छान आहे. आम्हाला नाही घेता येणार."

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं, आणि उद्या तो कुठं जाणार ते तिला न सांगता कळलं. मॅडम फाटकापर्यंत पोचल्याही होत्या. तेवढ्यात तिच्या डोक्यात संताप चढला, लोकरीसाठी नाही, त्या 'एकही नाही'साठी.

"थांबा मॅडम!"

तिनं कुंपणातली एक मेंढी मानेला धरून बाहेर काढली आणि लोकर बाजूला सारून दाखवली. गळ्याखाली वाकडेतिकडे टाके होते.

"ही लांडग्याच्या तोंडातून आलीय. कुत्र्यांनी सोडवली, टाके मी घातले. हिची आई गेली. मागच्या वर्षीही नेली, त्याच्या आधीही नेली. प्रत्येक वेळी मी रडते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागते. लोकर नाकारलीत, हरकत नाही. पण आमच्या घरानं काय सोसलंय, ते खरं ऐकून जा."

"झालं!" नवऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. "उरलीसुरली अब्रूही घालव."

"आणि तुम्हीही ऐका," ती त्याच्याकडे वळली. "पैज मी हरले, कबूल. पण विष येणार नाही म्हणजे नाही. माझा शब्द खोटा पडला म्हणा, गावभर सांगा. कुत्रे आणखी पाळू."



मॅडम फाटकातून मागं आल्या. खाली बसल्या, टाक्यांवरून बोट फिरवलं, जवळ आलेल्या कुत्र्याच्या गळ्यातला पट्टाही पाहिला.

"विष का घालत नाही तुम्ही? सोपं पडलं असतं."

"कारण लांडगा एकटा मरत नाही, मॅडम."

मॅडम उठल्या. त्यांनी हाक मारून ड्रायव्हरला गाडी शेडपाशी घ्यायला सांगितली. नवऱ्याला काही उमगेना.

"मॅडम, नक्की काय ते सांगा. आमच्या दादाचा कळप तर अख्खा आहे. त्यांची लोकर सोडून आमची?"

"त्यांची नाही, त्यांच्या शेजाऱ्यांची नाही. सकाळपासून जिथं गेले तिथं हेच ऐकलं, एकही नाही. अहो, लांडगा काय उपास करतो? रानात विष पडतं, तिथंच मेंढ्या अख्ख्या राहतात, आणि रान मारून आलेली लोकर आम्हाला नको." त्यांनी स्वतःच एका पोत्याला हात घातला. "मेंढी गेलेलं हे पहिलंच घर. चला, भरा गाडी."