मिस्टर प्रोबर्टचं मूल्यमापन

मूल्यमापन निःपक्षपातीपणे व्हावं, यावर त्या इस्पितळातल्या सगळ्या सर्जनांचं एकमत होतं. नेरिस प्यू मात्र या मंगळवारची चौदा वर्षं वाट पाहत होती.

ती शिकाऊ असताना मिस्टर प्रोबर्टनी भर ऑपरेशन थिएटरात तिचे टाके बघून विचारलं होतं, "हे काय, मेंढ्यांचं कुंपण बांधतेस?" आणि तिच्या फॉर्मवर लिहिलं होतं: 'मुलगी प्रेमळ आहे. जनावरांच्या दवाखान्यात शोभेल.'

आज मिस्टर प्रोबर्ट साठीला टेकले होते आणि शस्त्रक्रियेच्या नव्या रोबोटवर शिकाऊ होते. परीक्षक नेरिस. रोबोटची पेडलं पायाला नीट लागावीत म्हणून बूट काढून बसतात. त्यामुळे उत्तर वेल्समधले हे नामांकित सर्जन नुसत्या मोज्यांवर, यंत्रात तोंड खुपसून, चार हात पलीकडे झोपलेल्या पेशंटचा हर्निया शिवत होते. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

"डावा हात झोपलाय का, मिस्टर प्रोबर्ट?"

"झोपला नाही गं. तुला घाबरून बसलाय."

नर्स डेलिथ मास्कच्या आत फिसकन हसली. नेरिस हसली नाही.

टाके सुरेख पडले. एका मापाचे, एका ताणाचे. नेरिसनं ते मोठ्या पडद्यावर पाहिले, पुन्हा पाहिले. खोट सापडेना, तसा तिचा राग वाढला.

अभिप्राय लगेच, समोरासमोर आणि कौतुकानं सुरुवात करून द्यायचा, असा नियम होता.

"तुम्ही वेळेवर आलात," ती म्हणाली.

"आभारी आहे."

"बाकी हात जड आहे. घाई आहे. शिकायची तयारी दिसत नाही."

'सक्षम'चा चौकोन तिनं कोरा सोडला, 'पुन्हा सराव हवा'वर खूण केली आणि सही ठोकली. कित्येक वर्षांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

प्रोबर्टनी फॉर्म शांतपणे वाचला. उलटून मागची बाजूही वाचली. मग बूट चढवत म्हणाले, "बरं तर बाळा, पुढच्या मंगळवारी भेटू."

"कशाला?"

"मागे लिहिलंय की."

मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं: सराव हवा असा शेरा मिळालेल्या सर्जननं त्याच परीक्षकाच्या देखरेखीखाली आणखी सहा शस्त्रक्रिया कराव्यात.

एकेक हर्निया अडीच तासांचा होता.