‘ध’ची वाटी

जानेफळच्या शाळेत जलतरंग शिकवायचं ठरलं, तेव्हा चिनी मातीच्या वाट्या मुलींनी घरून आणल्या आणि पाणीही घरूनच, कारण शाळेच्या नळावर भरवसा ठेवणारं तिथं कुणी उरलं नव्हतं. आठवीतली धम्मशीला सगळ्यांत गोड वाजवायची. परवा बुलढाण्याला स्पर्धा होती आणि तिचं नाव पक्कं होतं. फक्त तिच्या ‘ध’च्या वाटीतलं पाणी रोज कमी व्हायचं, आणि पाणी कमी झालं की सूर चढतो. मनाली मॅडम चमच्यानं भर घालायच्या. अर्धी धून होईतो वाटी पुन्हा चढलेली.

“काऊन वं, पाणी पेऊन राह्यली का त्यातलं?”

“नाही मॅडम, आईची शप्पथ.”

“वाटीलेच तहान लागली असंन,” शेजारची यास्मीन म्हणाली. वर्ग खिदळला.

मॅडम हसल्या नाहीत. “आज सूर हालला, तर परवा यास्मीन वाजवंन.”

धम्मशीलेनं वाटी पुसली, खाली कोरडा कागद घातला, पाणी भरून सूर लावला. मग वाजवायचं सोडून ती नुसती वाटीत बघत बसली. पाण्यात तिचंच तोंड होतं, दोन वेण्या, घामेजलेलं कपाळ.

कागद कोरडाच होता. पाणी मात्र हळूहळू खाली गेलं.

तिनं घाबरून ओठांवरून हात फिरवला. ओठ सुकून चिकटले होते.

पाण्यातल्या धम्मशीलेनं हात उचललाच नाही. तिचे ओठ ओले होते, आणि तिच्या गळ्यातून एक घोट सावकाश खाली उतरत होता.