काचेच्या डबीतले दात

"मिशरी लावलीस का सकाळी?" शिवपुत्रनं हळू आवाजात विचारलं.

गिरिजाबाईनं तोंडावरचा पदर न काढता मान हलवली. नाही म्हणाली असावी. खात्री करून घ्यायला त्याला वेळ नव्हता.

१९७४ सालची गोष्ट. सोलापुरातल्या त्याच्या नव्या दवाखान्याचं उद्घाटन तासाभरावर आलं होतं. दात तपासायची खुर्ची मुंबईहून आली होती, पाटी रंगवून झाली होती आणि हिरेमठ वकील आपल्या मुलीला, दाक्षायणीला, घेऊन येणार होते. म्हणायला दवाखाना बघायला. पण सोयरीक आज जमणार की मोडणार, याचाच सगळ्यांना घोर होता.

"तू त्या कोपऱ्यात बस, आई. कुणी बोललं तर नुसती मान हलव. हसू नकोस."

मुंबईला जाईपर्यंत तो तिला अव्वा म्हणायचा.

तिच्या वयाच्या कितीतरी बायका सकाळी मिशरी लावत. दात काळे होत, पण त्याचं कुणाला काही वाटत नसे. ते वाटायला पोरगा दातांचाच डॉक्टर व्हावा लागतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षी ती कडक भाकरीचं गाठोडं घेऊन त्याच्या हॉस्टेलवर गेली होती. लेकाला पांढऱ्या कोटात बघून तोंडभर हसली. तेव्हा एक मित्र म्हणाला, "प्रॅक्टिस घरापासूनच सुरू कर रे." सगळे हसले. शिवपुत्रही हसला, हे त्यातलं वाईट. मग जिन्याखाली नेऊन त्यानं तिला बजावलं, की माझ्या लोकांसमोर तोंड उघडत जाऊ नकोस.

बाई शब्दाची पक्की. त्या दिवसापासून तोंडावर जो पदर आला तो आलाच. लेक सुट्टीत दोन दिवस घरी आला तरी तो खाली होत नसे. बोलणंही त्याआडून पुसट यायचं. जेवायला ती त्याच्यानंतर बसे, चुलीकडे तोंड करून, कडक भाकरी आमटीत भिजवून. शिवपुत्रला त्याचं बरंच वाटे. आणि बरं वाटलं याची लाजही वाटे, पण ती परतीच्या गाडीत बसल्यावर.

माणसं जमली. नारळ फुटला, पेढे वाटून झाले. वकिलांनी सगळा दवाखाना फिरून बघितला आणि टेबलापाशी थांबले. तिथे काचेच्या डबीत चार दात होते, पांढऱ्या प्लास्टरमध्ये ओळीनं बसवलेले.

"कॉलेजात बक्षीस मिळालं ते यालाच का?" त्यांनी विचारलं.

हा विषय शिवपुत्रच्या आवडीचा. त्यानं सगळं सांगितलं. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला प्रत्येकानं खरे दात आपापले जमवून आणायचे, प्लास्टरमध्ये बसवायचे आणि त्यांवर काम करून दाखवायचं. रस्त्यावर बसून दात काढणाऱ्या दातवाल्यांकडे मिळायच्या त्या किडक्या दाढा. पुढचे, वरचे, न किडलेले चार काही मिळेनात, आणि त्यांच्यावाचून परीक्षेला बसता येईना. म्हणून त्यानं घरी पत्र टाकलं, की आपल्या बाजारातल्या दातवाल्याला विचारा, नाहीतर माझं वर्ष गेलं. चादरींचे गठ्ठे घेऊन मुंबईला निघालेल्या एका माणसाच्या हाती पंधरा दिवसांत बाटली आली. आत मिठाचं पाणी आणि चार दात. मुळांशी काळा थर होता, तो खरवडल्यावर आत एक डाग नव्हता.

"मित्र म्हणायचे, स्मशानातनं आणलेस काय," तो म्हणाला. वकील हसले. दाक्षायणीही हसली. सोयरीक जमली, असं शिवपुत्रला वाटलं.

"मग पहिला पेशंट कोण?" वकिलांनी विचारलं. "नव्या दुकानात पहिला मान घरच्या वडीलधाऱ्यांचा. आईंना बसवा की खुर्चीत."

तिला सवय नाही, ती घाबरते, असं काहीबाही शिवपुत्र सांगू लागला. तिकडे गिरिजाबाईही भिंतीला चिकटली.

"नगं पावणं. माजं काय बगायचं हाय."

पण वकिलांचा आग्रह मोडेना. दाक्षायणीनंच हाताला धरून तिला खुर्चीत बसवलं. चारचौघांत ते काळे दात दिसणार, या विचारानं शिवपुत्रचे कान तापले. निदान आपल्या पाठीचा आडोसा होईल, म्हणून तो अगदी पुढ्यात उभा राहिला. दिवा ओढला, आरसा हातात घेतला.

"उघड," तो पुटपुटला.

गिरिजाबाईनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पदर खाली घेतला.

खालचे दात स्वच्छ होते. मिशरीचा मागमूस नव्हता; ती सुटून वर्षं झाली असावीत. त्यानं आरसा वरच्या ओठाआड सरकवला. एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत नुसती हिरडी होती, भरून आलेली, गुळगुळीत. कॉलेजात शिकवल्याप्रमाणे त्यानं रिकाम्या जागा मोजल्या. एक, दोन, तीन, चार. परत मोजल्या.

"अव्वा," तो म्हणाला. हातातला आरसा तिच्या दाढेवर वाजला.

मागे वकील डबी उजेडात धरून उभे होते. "काय हो डॉक्टर, असले धडधाकट दात त्या दातवाल्याला कोण काढू देतं?"

गिरिजाबाईनं पदर पुन्हा तोंडावर घेतला आणि लेकाच्या वतीनं तीच बोलली.

"असंल की पावणं, एखादी खुळी."