लोक थांबत नाहीत

"तुमच्या पानावर लोक थांबतच नाहीत," साहेब म्हणाले आणि आलेखातल्या आडव्या पडलेल्या रेषेवर त्यांनी पेन आपटलं.

पान समोर बसलेल्या लेखनिक बाईंनी लिहिलं होतं. डेटाबेसला इंडेक्स कसा लावायचा, म्हणजे रखडणारा शोध झटकन लागतो, एवढंच त्यात होतं. पण डेटाबेस विकणाऱ्या त्यांच्या कंपनीच्या साइटवर ते इतकं आत दडपलेलं, की सापडेपर्यंत ग्राहक मेटाकुटीला यायचे. शेवटी बाईंनी साधी गोष्ट केली. 'शोधाला वेळ लागतो आहे' ही सूचना जिथे झळकते, तिच्याखालीच पानाची लिंक दिली.

त्यांनी साहेबांना रक्तपेढीतल्या मॅडमचं सांगितलं. दुर्मिळ गटाचा दाता शोधायला तिथलं मशीन घुटमळत बसायचं आणि खिडकीपाशी नातेवाईक ताटकळायचे. मॅडमना लिंक दिसली, त्यांनी वाचून इंडेक्स लावला. आता रक्तगट टाकायचा अवकाश, दात्याचं नाव समोर. त्यांनी मुद्दाम फोन करून आभार मानले होते.

"मी तेच म्हणतोय," साहेब म्हणाले. "आल्या, वाचलं, निघून गेल्या. आपल्याला काय मिळालं?"

"त्यांना हवं ते मिळालं, सर."

साहेबांनी कीव आल्यासारखं पाहिलं. त्यांना वरच्यांना आलेख दाखवायचा होता, रक्तपेढी नव्हे. फर्मान निघालं की लिंक थेट पानावर नको, मदत विभागाच्या दारात नेऊन सोडा. शोधत फिरले की चार पानं जास्त बघतील. बाईंनी हुज्जत घालून पाहिली. मग त्यांना हसत हसत नोकरीची आठवण करून देण्यात आली. बाईंनी आपल्या हाताने लिंक बदलली, आणि साहेबांची आली तितकीच किळस त्यांना स्वतःचीही आली.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. आलेखातली रेषा ताठ उभी होती, आणि पोटभर जेवल्यासारखे साहेब खुर्चीत रेलले होते. रेषेखाली त्या घटकेला मदत विभागात असलेल्या ग्राहकांची नावं सरकत होती. सगळ्यात वरचा ग्राहक एका पानावरून दुसऱ्यावर, तिथून परत पहिल्यावर येत होता. बाईंनी नाव वाचलं. रुग्णवाहिका नियंत्रण कक्ष.

"बघा," साहेब म्हणाले, "आता कसे रमलेत."