तीन मैल

"तीन मैलांवर आहे, सरळ उतरायला येतोय," वर्लिननं रेडिओवर सांगितलं.

शेजारी बसलेल्या कोरीननं विमानातल्या पडद्यावर बोट टेकवलं. तिथे सात मैल दिसत होते.

"दहाला शेडमधला पॅनकेकचा तवा बंद होतो," तो बायकोला म्हणाला. "सगळेच जरा कमी सांगतात गं."

हॅर्लन क्रीकच्या धावपट्टीला विमानांना सूचना देणारा टॉवर नव्हता. आपण कुठे आहोत ते ज्यानं त्यानं सांगायचं आणि बाकीच्यांनी त्यावर विश्वास ठेवायचा. लॉर्नाबाईंनी ठेवला. त्या उतरायच्या बेतातच होत्या. "तू आधी ये," म्हणाल्या आणि आपलं जुनं पिवळं विमान बाजूला नेऊन घिरट्या घालू लागल्या. वर्लिनला विमान चालवायला त्यांनीच शिकवलं होतं.

"वर्लिन, दिसत नाहीयेस." थोड्या वेळानं पुन्हा, "अजून दिसत नाहीस रे."

"आलोच, बाई."

पॅनकेक गरम मिळाले. तो दुसरा घास घेत होता, तेवढ्यात लॉर्नाबाई आत आल्या आणि त्यांनी हँगरची किल्ली मेकॅनिक ओरिनच्या ताटाशी ठेवली.

"विकून टाक विमान. तीन मैलांवरचं विमान मला दिसेना. अठ्ठ्याहत्तर झाली, डोळे गेले. आज वर्लिन होता म्हणून निभावलं, उद्या कुणाला तरी घेऊन मरेन."

धावपट्टीलगतच्या त्या शेडमध्ये टाळ्या पडल्या. वेळेवर थांबणं कुणाला जमतं, असं जो तो म्हणू लागला. वर्लिननंही टाळ्या वाजवल्या. कोरीननं नाही.

"तोंडात पॅनकेक अडकलाय का?" तिनं हळूच विचारलं. "सांग की!"

त्यानं तोंड उघडलं. पंधरा शेजारी, समोर बाई.

"निघू या," तो म्हणाला.

उडाल्यावर तो घराच्या वाटेला लागला नाही. थोडं लांब जाऊन त्यानं विमान वळवलं. पडद्यावर तीन आले तसं रेडिओचं बटण दाबलं. शेडच्या फळीवरचा रेडिओ दिवसभर चालू असतो, हे त्याला ठाऊक होतं.

"हॅर्लन क्रीक, सगळे ऐका. सकाळी मी सात मैलांवर होतो. तीन म्हणालो ते खोटं. बाई, तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. आता खरोखर तीन मैलांवर आहे. पाण्याच्या टाकीच्या बाजूला."

धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला वाटलं, पण धरणी हजार फूट खाली होती.

मग रेडिओत वाऱ्याचा आवाज घुसला. बाई हातातला रेडिओ घेऊन शेडबाहेर आल्या होत्या.

"थांब. बघू दे."

त्यानं विमान त्याच रेषेत धरलं.

"टाकीच्या डावीकडे," बाई म्हणाल्या. "ओरिन, किल्ली दे इकडे." आणि जरा वेळानं, "वर्लिन, आज चांगलाच दिसलास."